विंचवाचं बिऱ्हाड कोथरूडला थांबलं

या स्मरणिकेत संस्थांच्या इतिहासाचा एक विभाग आहे. नालवाडी म्हटलं की पहिलं नाव ग्रामसेवा मंडळाचं. विनोबा १९३२ साली इथे राहायला आले, १९३४ मध्ये मंडळ निघालं आणि १९३८ मध्ये विनोबा पवनारला गेले तरी गावाला लागलेली हातकामाची सवय मागे राहिली. त्या इतिहासावर लिहायला माझ्यापेक्षा जाणती माणसं गावात आहेत. माझ्याकडे संपादकांनी वेगळंच काम दिलं. ‘‘तुम्ही उभी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. आता घरात फळीवर आगगाडी मांडून बसता. पुण्याच्या त्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाचा इतिहास तुम्हीच लिहा,’’ असं त्यांनी सांगितलं. नालवाडीच्या स्मरणिकेत पुण्याची संस्था कशाला, असं मी विचारलं. तेव्हा ते म्हणाले, ‘‘वर्धा जंक्शनच्या सावलीतलं गाव आहे. रेल्वेवर एक लेख नको?’’ यावर मला उत्तर सुचलं नाही.

संस्थेचं नाव ‘जोशीज म्युझियम ऑफ मिनिएचर रेल्वेज’. पत्ता पुण्यातल्या कोथरूडचा, कर्वे रस्त्याला लागून असलेला जी. ए. कुलकर्णी पथ. जी. एं.सारख्या गंभीर लेखकाच्या नावाच्या रस्त्यावर अशी खेळकर संस्था असावी याची मला पहिल्यांदा गंमत वाटली होती. संस्थापक बी. एस. जोशी. सगळे त्यांना भाऊ म्हणत. यंत्रात हात घालायची उपजत आवड, आणि त्या आवडीचं टोक म्हणजे छोट्या आगगाड्या. त्यांच्या कुटुंबाचा व्यवसाय आणि हे संग्रहालय एकाच ठिकाणी आहेत. भाऊ आज नाहीत. कुटुंबीयांनी संस्था चालू ठेवली आहे.

इतिहासाची पहिली नोंद १९८२ ची. पुण्याच्या गोखले हॉलमध्ये भाऊंनी आपल्या चालत्या मांडणीचं प्रदर्शन भरवलं. त्याच वर्षी एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत दूरदर्शन आलं होतं. परदेशी वस्तू सहजी मिळण्याचे ते दिवस नव्हते. अशा काळात रुळांवर धावणाऱ्या आणि सिग्नलला थांबणाऱ्या बोटभर गाड्या बघायला पुणेकर आले. पुणेकरांना हलत्या देखाव्यांची ओळख नवी नव्हती. गणपतीच्या दहा दिवसांत पेठापेठांतून पौराणिक प्रसंग मोटर लावून हलताना त्यांनी पिढ्यानपिढ्या पाहिले होते. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरून केलेलं हिरवं रान आणि त्यावर मांडलेले मातीचे मावळे हीसुद्धा एक मांडणीच. इंग्रजीतली दोन-तीन नावं मी ऐकली आहेत, पण माझ्या मते या छंदाला आपल्याकडचा खरा शब्द ‘आरास’ हाच आहे. फरक इतकाच की आरास विसर्जनापर्यंतची असते, आणि हा छंद धरलेल्या माणसाला विसर्जन नको असतं.

१९८४ मध्ये पुण्यातच फिरोदिया हॉलमध्ये पुन्हा प्रदर्शन झालं. पुढे मांडणी मुंबईला आणि सोलापूरला गेली. इतिहासात हे एका वाक्यात उरकतं, पण मला इथे थांबावंसं वाटतं, कारण संस्था जन्माला येण्याचं कारण या वाक्यात दडलेलं आहे.

रेल्वेची मांडणी उचलून न्यायची म्हणजे काय, ते सांगतो. ती एका फळीवर मावत नाही. चार-सहा फळ्या जोडाव्या लागतात. प्रत्येक जोडावर रूळ तोडावा लागतो आणि दुसऱ्या गावी गेल्यावर तोच रूळ पुन्हा जुळवावा लागतो. अर्ध्या मिलिमीटरची पायरी राहिली तरी डबा उडतो. फळीखाली वायरींचं जाळं असतं. तेही जोडाजोडावर तुटतं आणि पुन्हा बांधावं लागतं. प्रवासात झाडं पडतात, दिव्यांचे खांब वाकतात, एखाद्या डाखाचा टाका सुटतो. तो कुठला, हे उद्घाटनाला पाहुणे आल्याशिवाय कळत नाही. मी खात्यात असताना पावसाळ्यात केबलचा दोष शोधत मैलोगणती चाललो आहे. पण तिथे निदान नकाशा असायचा. घरच्या मांडणीचा नकाशा मांडणाऱ्याच्या डोक्यात असतो, आणि गाव बदललं की तो नकाशाही थोडा बदलतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, म्हणतात. विंचवाला निदान पाठ एकच असते; इथे प्रत्येक गावी नवी पाठ शोधायची. असं बिऱ्हाड माणूस किती वर्षं वाहील? भाऊंनी ते कोथरूडला उतरवलं आणि एक कायमची, पूर्ण, न मोडायची मांडणी बांधायला घेतली. १ एप्रिल १९९८ रोजी ती लोकांसाठी खुली झाली. तारखेवरून थट्टा करायचा मोह होतो. पण रुळांवर चालणारी वस्तू १ एप्रिलला सुरू करणं यात माझ्यासारख्याला वेगळंच दिसतं. सरकारी हिशेबाचं वर्ष त्याच दिवशी सुरू होतं, म्हणजे खतावणीचं पहिलं पान कोरं.

ही तारीख ध्यानात ठेवण्यासारखी आहे, त्याचं कारण जर्मनीत आहे. छोट्या रेल्वेची जगातली सगळ्यात गाजलेली मांडणी हॅम्बुर्गची, मिनिएटूर वुंडरलँड. ती २००१ च्या ऑगस्टमध्ये उघडली. म्हणजे कोथरूडची मांडणी तिच्याआधी तीन वर्षं लोकांना बघायला मिळत होती. आकारात तुलना करू नये. तिथे जुनं गोदामच व्यापलेलं आहे. पण सालाचा मान सालाला द्यावा.

संग्रहालय म्हटलं की आमच्या वर्धेकरांच्या डोळ्यांपुढे मगन संग्रहालय येतं. १९३८ साली गांधीजींनी उघडलेलं, चरखे आणि ग्रामोद्योगाच्या साधनांचं. तिथे आपण वस्तूपुढे उभं राहतो, पाटी वाचतो, पुढच्या वस्तूकडे जातो. कोथरूडला तसं नाही. तिथे खेळ असतो, साधारण अर्ध्या तासाचा. माणसं मांडणीभोवती बसतात, निवेदन सुरू होतं आणि एकेक गाडी बाहेर पडते. वाफेचं इंजिन असतं आणि वेगवान गाडीही असते. डोंगर चढणारी दोराची गाडी आहे, आणि रुळाच्या वर न धावता रुळाला खालून लोंबकळत जाणारी एक गाडीही आहे. माझ्याबरोबर नातू होता. त्याला ती उलटी गाडी खोटी वाटली. ती खरी आहे, जर्मनीतल्या वुपर्टाल गावात १९०१ पासून अशी गाडी धावते, हे मी सांगितलं तेव्हा तो माझ्याकडेही संशयाने बघू लागला. गाड्यांखेरीज रस्त्यावरची वाहनं, सर्कस, पोहण्याचा तलाव, मोटारीत बसून बघायचं उघडं सिनेमागृह आहे. मग दिवे मंद होत जातात, शहरात रात्र होते, घरांच्या खिडक्या उजळतात. माझ्या शेजारची एक बाई त्या वेळी नकळत आवाज खाली आणून बोलू लागली. जणू समोर कुणी झोपलंय.

मी मात्र सिग्नल मोजत होतो. सवय. या मांडणीत ६५ सिग्नल आहेत असं सांगतात. मला मोजून पन्नासच्या आसपास सापडले, पण तो दोष अंधाराचा आणि माझ्या चष्म्याचा.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. खऱ्या रेल्वेत सिग्नल लाल झाला तरी गाडी थांबवतो तो ड्रायव्हर. त्याने पाहिलं नाही, किंवा पाहून ब्रेक उशिरा मारला, तर लाल सिग्नल ओलांडला जातो. आमच्याकडे त्याला ‘स्पॅड’ म्हणतात आणि त्या शब्दाने भल्याभल्यांची झोप उडते. छोट्या रेल्वेत गाडी रुळातूनच वीज घेते. सिग्नलच्या अलीकडचा रुळाचा एक तुकडा बाकीच्या रुळापासून वेगळा तोडतात. सिग्नल लाल की त्या तुकड्याची वीज बंद, आणि गाडी जागच्या जागी. ड्रायव्हरच नाही, त्यामुळे चूक करायलाही कुणी नाही. आम्ही जन्मभर माणसांच्या भरवशावर जे सांभाळलं ते इथे एका वायरीने होतं, हे बघून मला थोडा हेवा वाटला आणि थोडं हसूही आलं. नवीन पद्धतीत तर रुळात सतत वीज असते आणि प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप बसवून त्याला वेगळा हुकूम देतात. एकाच रुळावरच्या दोन गाड्या दोन दिशांना नेता येतात. म्हणजे टक्कर करायची सोय पुन्हा आली.

देखभालीबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहितो. काचेच्या कपाटातली वस्तू झिजत नाही, चालती वस्तू रोज झिजते. रुळावर धूळ बसली की वीज पोचत नाही, गाडी आचके देते. मग स्पिरिटचं फडकं घेऊन रूळ पुसायचे, इंजिनाच्या मोटरचे कार्बन बघायचे, चाकांना चिकटलेली काजळी खरवडायची. दिवसाला काही खेळ करणाऱ्या मांडणीला हे रोजच्या अंघोळीसारखं असतं. पाव शतकाहून जास्त काळ एखादी खासगी संस्था अशी मांडणी चालती ठेवते, तेव्हा तिच्या इतिहासाचा मोठा भाग पुसण्यातच गेलेला असतो. तो कुठल्याच अहवालात येत नाही.

आता जगाच्या संदर्भात थोडं. जर्मनीतल्या म्यर्क्लिन कंपनीने १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत ठरावीक मापांच्या रुळांची खेळण्यातली रेल्वे मांडली. तेव्हापासून एकाचे रूळ दुसऱ्याच्या गाडीला चालू लागले आणि वस्तू जमवणाऱ्यांचा छंद तयार झाला. लंडनमध्ये १९१० सालीच या लोकांनी क्लब काढला. ठरलेल्या संध्याकाळी जमायचं, आपापलं काम किती पुढे सरकलं ते दाखवायचं, दुसऱ्याच्या डोंगराला नावं ठेवायची. आपल्याकडे अशा क्लबांची परंपरा नाही. आपल्याकडे छंदी माणूस एकटा असतो, आणि त्याच्या घरचे ‘यांचं हे चाललंय’ असं म्हणून चहा ठेवतात. त्यामुळे पुण्याचं संग्रहालय मला क्लबाच्याही जागी दिसतं. ज्यांनी घरी दोन फुटांची फळी मांडली आहे त्यांना काय शक्य आहे ते बघायची ती जागा. मी तिथून परत आलो तेव्हा वहीत अकरा पानं भरली होती, आणि त्यातली नऊ देखाव्याबद्दल होती, गाड्यांबद्दल नव्हे.

आमच्या नागपूरला मोतीबागेत अरुंद मार्गाचं रेल्वे संग्रहालय आहे, १४ डिसेंबर २००२ ला सुरू झालेलं. तिथे सातपुड्यातल्या लहान गाड्यांची खरी इंजिनं आहेत. वर्धेकराने आधी ते बघावं आणि मग कोथरूडला जावं, असं माझं मत. आधी खरं लोखंड हाताला लागलं पाहिजे.

एक अडचण मात्र पुण्याची मांडणी बघताना जाणवली, आणि तीत दोष संस्थेचा नाही, बाजाराचा आहे. या छंदात जगभर रूढ असलेलं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. सहा फुटी माणूस २१ मिलिमीटरचा होतो. त्याचे रूळ १६.५ मिलिमीटर अंतराचे. ८७ ने गुणलं की युरोपातला १४३५ मिलिमीटरचा मार्ग बरोबर येतो. आपला मोठा मार्ग १६७६ मिलिमीटरचा. त्याला ८७ ने भागलं तर १९ मिलिमीटरहून थोडं जास्त येतं. म्हणजे वर्धा जंक्शनवरून जाणारी कुठलीही गाडी बाजारातल्या रुळांवर खरी बसत नाही; बसवली तर ती दुबळ्या पायांची दिसते. इमारतींचे संचही परदेशी, उतरत्या लाल कौलांचे. त्यामुळे बहुतेक भारतीय मांडण्यांतली गावं जर्मन वळणाची होतात. त्या गावात मला आवडीने फिरता येतं, पण ओळखीचं कुणी भेटत नाही.

पुण्याहून परतताना, बडनेरा ओलांडल्यावर, हे गणित मी पुन्हा केलं. या वेळी मोठ्या मार्गाचं नाही, पुलगाव–आर्वीच्या लहान गाडीचं. तो मार्ग ७६२ मिलिमीटरचा होता. भागिले ८७, म्हणजे पावणेनऊच्या आसपास. आणि बाजारात ९ मिलिमीटरचे रूळ सर्रास मिळतात. एचओहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी ते बनवलेले असतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातली मोठी रेल्वे ज्या छंदात बसत नाही, त्यात आर्वीची गाडी जवळजवळ मापात बसते! गाडीत मी एकटाच हसलो. समोरच्या प्रवाशाने खिडकी बंद करून घेतली.

तेव्हापासून नालवाडीत माझ्या मागच्या खोलीत पाच फूट बाय दोन फुटांची फळी आहे. पुलगाव ते आर्वी ३५ किलोमीटर. १:८७ ने ते ४०० मीटर होतात, तेवढी खोली माझ्याकडे नाही. म्हणून एकच लहान स्टेशन, एक लूप लाइन, एक सांधा आणि मागे कपाशीचं वावर. मातीसाठी आपलीच काळी माती चाळून घेतली. ती चालली नाही. मांडणीच्या आकारात खरी काळी माती डांबरासारखी दिसते. रंग उजेडात पातळ होतो, तो माणसाने हाताने पातळ करावा लागतो. शेवटी वापरलेली चहापत्ती वाळवून तिच्यात थोडी माती मिसळली. कपाशीची झाडं दोरीच्या धाग्यांची केली. बोंडांसाठी साबुदाण्यापासून सुरुवात केली. साबुदाण्याचं बोंड प्रमाणात भोपळ्याएवढं होतं. मग खसखस. एकेक दाणा चिमट्याने, फेविकॉलच्या टिपक्यावर. एका संध्याकाळी चाळीस झाडं होतात, मग डोळे भरून येतात, भावनेने नव्हे. तारांच्या खांबांना अगरबत्तीच्या काड्या. पहिल्या पावसाळ्यात उधईने फळीचा एक कोपरा खाल्ला, वावरासकट. पहिल्या उन्हाळ्यात रूळ तापून सांध्यापाशी फुगले, कारण फिशप्लेटपाशी फट सोडायला मी विसरलो होतो. खात्यात असताना परमनंट वेच्या लोकांना हीच फट मी हसत हसत दाखवत असे.

शेजारचा पोरगा एकदा दारात उभा राहून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, ‘‘काका, हे खेळनं कायले मांडून बसले?’’ प्रश्न नालवाडीला शोभणारा होता. दिवसभर सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच भागवायचं, हा प्रयोग विनोबांनी याच गावात केला. इथे हाताच्या प्रत्येक कामाला हिशेब असतो. खसखशीच्या बोंडाला कसला हिशेब? मी त्याला म्हटलं, ‘‘बस इथं, चिमटा धर.’’ त्याने सात दाणे लावले, चार सांडले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, बरोबर त्याची आजी होती. आजीचं माहेर त्याच आर्वीच्या गाडीच्या वाटेवरच्या रोहण्याकडचं. फळीकडे बघून ती म्हणाली, ‘‘स्टेशनापाशी निंबाचं झाड होतं ना. तेच लावलं नाही.’’ मी दुसऱ्या दिवशी कडुनिंब केला. तिने तो हलवून उजवीकडे न्यायला लावला. आता तो उजवीकडे आहे.

भाऊ जोशींनी कोथरूडला बिऱ्हाड उतरवलं याचं मोल मला त्या दिवशी नीट कळलं. प्रदर्शन चार दिवसांचं असतं. चार दिवसांत लोक ‘वा’ म्हणून जातात. कडुनिंब उजवीकडे होता हे सांगायला माणूस दुसऱ्यांदा यावा लागतो, आणि त्यासाठी मांडणी काल होती तिथेच असावी लागते. पुण्याची संस्था १९९८ पासून तिथेच आहे. बापाचं बोट धरून आलेली पोरं आता आपली पोरं घेऊन येण्याच्या वयाची झाली. याहून वेगळी व्याख्या संस्थेची मला तरी करता येत नाही.

पुण्याला जाणाऱ्यांनी खेळाच्या वेळा आधी विचारून जावं आणि पुढच्या रांगेत लहान मुलांना बसू द्यावं.

आणि स्मरणिका वाचणाऱ्या पुलगाव, विरूळ, रोहणा, आर्वीकडच्या मंडळींना एक विनंती. लहान गाडीचे जुने फोटो, तिकिटं, लग्नाच्या वरातीत मागे आलेलं इंजिन, फलाटावर काढलेला बारशाचा फोटो, काहीही घरात असेल तर स्मरणिकेच्या संपादकांकडे द्यावं. नक्कल काढून मूळ परत मिळेल. स्टेशनच्या इमारतीची एखादी भिंत अजून उभी असेल, तर तिची उंची, दाराची रुंदी आणि विटेचं माप टेपने घेऊन कागदावर लिहून पाठवावं. माझ्या फळीवरच्या स्टेशनाला अजून छप्पर नाही. ते कौलांचं होतं की पत्र्याचं, यावर आजीचं आणि तिच्या धाकट्या भावाचं एकमत होत नाहीये.